मदत हवी आहे : जुना ट्रॅक्टर घेताना इंजिन आणि कागदपत्रे कशी तपासावीत?

सर्वांना नमस्कार. बार्शी तालुक्यात आमची काळी, भारी जमीन असून तिच्यात रोटाव्हेटर आणि दोन फाळी पलटी नांगर ओढू शकेल असा जुना ट्रॅक्टर घेण्याचा विचार आहे. शेजारच्या गावात २०११ सालचा महिंद्रा ५७५ डीआय विक्रीला आहे. रंग नुकताच मारलेला, टायर नवे आणि तासांचे मीटर मात्र बंद. त्यामुळे नुसत्या दिसण्यावर माझा विश्वास बसत नाही.

थंड इंजिन पहिल्याच सेलला (स्टार्टरला) चालू झाले, परंतु गरम झाल्यावर ब्रीदरमधून (इंजिनच्या आतली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) धुराचे झोत येऊ लागले आणि सायलेन्सरचा धूर निळसर दिसला. ऑइल जळत आहे हे उघड आहे. पण केवळ पिस्टनच्या रिंगा बदलून भागेल की लायनर (सिलिंडरचे आतले अस्तर) व पिस्टनसह पूर्ण काम काढावे लागेल, हे इंजिन न खोलता कसे ओळखावे? नांगर उचलून इंजिन बंद केले, तर लिफ्ट (अवजार उचलणारी हायड्रॉलिक यंत्रणा) थोड्याच वेळात खाली बसते. हा दोष कितपत खर्चिक समजावा?

आर.सी. बुकावर बँकेचा बोजा अजून आहे. मालक कर्ज फिटल्याचे सांगतात, तरी बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवण्याचा अर्ज) हाती आल्याशिवाय इसार देऊ नये, असे माझे मत आहे. पंधरा वर्षांची नोंदणी संपत आली असल्याने नूतनीकरण आधी मालकाकडून करून घ्यावे, की फॉर्म २९ व ३० (मालकी बदलाचे अर्ज) भरून नाव चढल्यावर आपण करावे? असा व्यवहार केलेल्या जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.