लेथवरचं काम थांबवून मोल्डिंगकडे वळावं का? (बडोदा, मकरपुरा जीआयडीसी)

मोल्डवाला_मकरपुरा
आपल्याकडे अजूनही कितीतरी जण नायलॉनचा रॉड आणून लेथवर बुश, स्पेसर, टोप्या काढतात. माझं मत स्पष्ट आहे: तोच भाग वर्षाला वीस-पंचवीस हजार लागत असेल तर इंजेक्शन मोल्डिंगलाच या. रॉडमधला कितीतरी माल भुशात जातो. मोल्डिंगमध्ये प्लास्टिकचा दाणा हॉपरमध्ये (मशीनवरच्या नरसाळ्यात) टाकला की स्क्रू तो वितळवून साच्यात दाबतो आणि लहान भाग अर्ध्या मिनिटात बाहेर पडतो. बरगडी (भिंतीला आधार देणारी पातळ पट्टी), क्लिप, कंपनीचं नाव, सगळं एकाच शॉटमध्ये येतं. उरलेला रनरही (साच्यात माल नेणाऱ्या वाटेत गोठलेलं प्लास्टिक) दळून नव्या दाण्यात थोडाथोडा मिसळता येतो, कारण थर्मोप्लास्टिक पुन्हा वितळतं. बेकेलाइट एकदा घट्ट झालं की संपलं.

लेथ_आणि_मी
दादा, अर्धा मिनिट सांगितलंत, साच्याचा खर्च कुठे आहे? दोन लाखांचा साचा धरा. पन्नास हजार नगांवर नगामागे 4 रुपये पडतात, दोन हजारांवर 100. माझ्या ऑर्डरी दोन-चारशे नगांच्या, आणि दोन खेपांनंतर ड्रॉइंग बदलतं. मी प्रोग्रॅम बदलून मोकळा होतो. साच्यात भाग जाड करायचा असेल तर स्टील आणखी कापता येतं, पण बारीक करायचा असेल तर वेल्डिंग करून पुन्हा घासत बसायचं.

दांडियाबाजार_क्यूसी
मी क्वालिटीत आहे, माझी तक्रार वेगळी. लोक रॉडचा भाग जसाच्या तसा साच्यात उतरवतात आणि मग खड्डे पडले म्हणून मोल्डरला बोल लावतात. भिंत 2-3 मिमी ठेवा, ताकद बरगड्यांनी द्या आणि बरगडीची जाडी भिंतीच्या साधारण निम्मी धरा. बरगडी जाड झाली की नेमका तिच्या मागे, गुळगुळीत बाजूला खळगा दिसतो. आणि माल बदलू नका! एबीएस प्लास्टिक थंड होताना साधारण अर्धा टक्का आकसतं, पॉलिप्रॉपिलीन (पीपी) एक-दोन टक्के. एबीएसच्या साच्यात स्वस्त म्हणून पीपी ओतलं तर 100 मिमीचं झाकण अर्धा ते दीड मिलिमीटर लहान येतं, मग बसणार कसं?
रनर दळण्याचाही फार डंका नको. काचतंतूचं नायलॉन दळलं की तंतू तुटतात, ताकद उतरते. नायलॉन नीट वाळवलं नाही तर भागावर चंदेरी रेघा येतात.

मोल्डवाला_मकरपुरा
क्यूसीसाहेबांचं सगळं मान्य, पण हे डिझाइनचं काम झालं, मोल्डिंगचा दोष नव्हे. लेथवाल्या दादांना सांगतो, दोनशे नगांना साचा करा असं मी म्हणतच नाही. पण दरवर्षी परत येणारे भाग वेगळे काढून बघा. एकाच बेसमध्ये (साच्याच्या बाहेरच्या सांगाड्यात) इन्सर्ट, म्हणजे भागाचा आकार देणारे आतले तुकडे, बदलून तीन-चार भाग काढता येतात, बेसचा खर्च वाटला जातो. ज्या गावात आयपीसीएल या तेव्हाच्या सरकारी कंपनीने पेट्रोकेमिकल उभं केलं, तिथे आपण रॉड का सोलत बसायचं?

लेथ_आणि_मी
आयपीसीएलमुळे माझी ऑर्डर मोठी होत नाही. परत येणारे भाग आहेत, स्पेसरच आहेत. पण साच्याचे पैसे गिऱ्हाइकाने द्यावेत आणि साचा कोणाचा हे ऑर्डरवर लेखी असावं. एका मोल्डरने हिशेबाच्या वादात माझ्या ओळखीच्या माणसाचा साचा अडकवून ठेवला, तिकडे लाइन बंद पडली. माझी टूलिंग माझ्या शेडमध्ये असते. हे लेखी मिळत असेल तर स्पेसरचं ड्रॉइंग पाठवतो, बाकी काम लेथवरच राहील.