अनुभव धागा: सुपरहिरोंची लांबलचक आवृत्ती, तीही फोर-केमध्ये

'बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन'ची अल्टिमेट एडिशन अखेर फोर-केमध्ये पाहिली. २०१६ साली थिएटरात १५१ मिनिटांचा होता, हा अर्ध्या तासाने मोठा. त्या अर्ध्या तासात सिनेमाचा पायाच आहे हो! आफ्रिकेतल्या गावात भाडोत्री सैनिक प्रेतं जाळतात, तेव्हा कुठे आळ सुपरमॅनवर कसा आला ते कळतं. साक्ष देणारी बाई धमक्यांमुळे खोटं बोलत होती. बॉम्ब लपवलेल्या व्हीलचेअरला आतून शिशाचा थर होता, आणि सुपरमॅनची नजर शिशातून आरपार जात नाही, म्हणून त्याला बॉम्ब दिसलाच नाही. थिएटरात यातलं काही नाही, आणि आपण पटकथेला ढिसाळ म्हणून मोकळे!

तुम्ही कुठली लांब आवृत्ती पाहिलीत, कशावर? 'भारी होता' एवढ्यावर सोडू नका.

—

आम्हीही हाच पाहिला. पहिली दहा मिनिटं डेली सोप बघतोय असंच वाटत होतं. लेकीने टीव्हीचं मोशन स्मूदिंग (हालचाल कृत्रिमपणे गुळगुळीत करणारी सोय) बंद केलं, मग सिनेमा सिनेमासारखा दिसू लागला. अंधाऱ्या प्रसंगांत बारीक दाणे दिसतात, ते असू द्या. फिल्मवर चित्रित केलाय, ते पुसले तर चेहरे मेणाचे होतात.

—

झॅक स्नायडरचा 'जस्टिस लीग', २४२ मिनिटं. चित्र जवळजवळ चौकोनी, त्यामुळे बाबा वैतागले, "एवढा मोठा टीव्ही घेतला तो काळे पट्टे बघायला?" त्यांनी रिमोटने झूम केलं, तर बॅटमॅनचे कान गायब! सहा भाग आणि उपसंहार अशी विभागणी आहे, म्हणून दोन रात्रींत निवांत संपवला.

—

दिरांनी अमेरिकेतून 'बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन'ची डिस्क आणली. फोर-के डिस्कला रीजनचं (ठरावीक देशांतच चालण्याचं) बंधन नसतं, पण साध्या ब्लू-रे प्लेयरवर ती चालत नाही, हे घेण्याआधी बघा. @धागाकर्ते, २०२१ची सुधारित डिस्क मिळवाच. आयमॅक्सचे (जास्त उंच चित्राचे) प्रसंग आले की वरखालचे पट्टे जातात आणि चित्र पडद्याच्या पूर्ण उंचीला भिडतं. स्ट्रीमिंगवर धूर आणि पाऊस आला की चौकोन पडतात, डिस्कवर पावसाची रेघन् रेघ सुटी दिसते.

—

माझं मत उलटं. कथा समजली, मान्य. पण पहिला तास रेंगाळतो. आणि दोघांच्या आईचं नाव एकच निघतं म्हणून लढाई थांबते, तो 'मार्था'चा प्रसंग फोर-केमध्येही तस्साच आहे.

—

मार्थासाठी वेगळा धागा काढा, इथे मारामारी नको. :)