शॉफे (जर्मन कोर्टात न्यायाधीशाबरोबर बसणारा सामान्य नागरिक) म्हणून पहिलं बोलावणं आलंय. शिक्षा खरंच आपण ठरवायची?

नवखा_जर्मनी:
2023 च्या निवडीत राखीव यादीत नाव लागलं होतं, विसरूनही गेलो होतो. परवा पत्र आलं, मंगळवारी साडेआठला आम्ट्सगेरिश्टात, म्हणजे इथल्या खालच्या कोर्टात, हजर राहा. मी वेल्डिंगची मशिनं दुरुस्त करतो, कायद्याशी संबंध गाडीच्या दंडापुरता. फाईल आधी मिळते का? आणि आपण फक्त दोषी की निर्दोष एवढंच सांगायचं ना?

उंबरा:
नाही हो, शिक्षासुद्धा. माझी दुसरी टर्म चालू आहे. फाईल सहसा देत नाहीत. सरकारी वकील उभा राहून आरोप वाचतो तेव्हाच प्रकरण कळतं. वही न्या.

शॉफेनगेरिश्टात एक न्यायाधीश आणि आपण दोघं, तिघांच्या मताचं वजन सारखंच. दोष असो की शिक्षा, आरोपीच्या विरुद्ध जायला दोन तृतीयांश मतं लागतात, म्हणजे आपण दोघं एक झालो की न्यायाधीश मागे पडतो. मतदानात आधी आपण, त्यातही वयाने धाकटा पहिला. नाहीतर सगळे 'साहेब म्हणतील तसं' म्हणून मोकळे झाले असते.

हे कोर्ट चार वर्षांपर्यंत कैद देऊ शकतं, पण खरी रेघ दोन वर्षांची. तिथपर्यंत शिक्षा स्थगित ठेवता येते. दोन वर्षं एक महिना झाला की आत. एकदा निकाल वाचताना 'एक वर्ष दहा महिने' ऐकून मागच्या बाकाजवळ उभ्या असलेल्या आईने पर्स छातीशी धरली. 'स्थगित' हा शब्द पुढच्या वाक्यात आला. मधला तो श्वासभर वेळ मला अजून आठवतो. आत तिघांत काय बोलणं झालं ते सांगणार नाही, ते जन्मभर गुप्त.

आणि साक्ष चालू असताना मान डोलवू नका, भुवई उडवू नका. बचावाचा वकील पक्षपाताचा अर्ज टाकतो.

पुणेरी_वकील_निवृत्त:
आपल्याकडच्या ज्युरीला शिक्षेत वाटाच नव्हता. 1959 चं नानावटी प्रकरण घ्या: आठ विरुद्ध एकने निर्दोष म्हटलं, सत्र न्यायाधीशांना पटलं नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे धाडलं आणि तिथे जन्मठेप झाली. ज्युरी त्याच खटल्याने बंद पडली म्हणतात ते मात्र खोटं, नंतरही काही ठिकाणी चालू होती. मला विचाराल तर शिक्षा सामान्य माणसाच्या हातात देणं जोखमीचंच.

उंबरा:
काका, न्यायाधीशाला एका गोदाम कामगाराची पाळी किती वाजता सुटते ते माहीत नव्हतं. माझ्या शेजारच्या शॉफेने भर कोर्टात साक्षीदाराला विचारलं, तेव्हा वेळेचा घोळ सुटला. प्रश्न विचारायचा हक्क आहे आपल्याला, फक्त आधी न्यायाधीशांना खूण करायची.

नवखा_जर्मनी:
ताई, काळा झगा घालावा लागतो का?

उंबरा:
नाही, तो न्यायाधीशांना. साधे नीट कपडे. पत्र बरोबर ठेवा, पगार कापला गेला तर भरपाईचा फॉर्म त्याच दिवशी मागून घ्या. पहिल्यांदा शपथ असते, तेवढं उभं राहून म्हणावं लागेल.