मदत हवी आहे: नाशिकमध्ये मुलीसाठी चित्रकलेचे शिक्षक

नमस्कार मंडळी. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. बोलते कमी, पण मनातलं सगळं कागदावर उतरवते. मध्यंतरी रामकुंड काढलं, तर पाणी जांभळं आणि आजी नारोशंकराच्या देवळाहून उंच! एका क्लासमध्ये हे 'चुकलं' म्हणून खोडायला लावलं. तेव्हापासून चित्रकलेची वही उघडत नाही, जीव तुटतो हो. एलिमेंटरी-इंटरमिजिएटची घाई नाही, त्या परीक्षा पुढे होतीलच. पंचवटी किंवा इंदिरानगरकडे, फळ्यावरचं उतरवून न घेता मुलांना स्वतःचं काढू देणारे शिक्षक कुणाला माहीत आहेत का? संध्याकाळी सहानंतर जमेल. शिवाजी तुपे यांची नाशिकची जलरंगातली मूळ चित्रं तिला कुठे दाखवता येतील, तेही कृपया सांगा.