मदत हवी आहे: जावयांनी पानठेल्यासाठी व्हेप आणून ठेवलेत. "कर लागणार म्हणजे चालू होणार" म्हणतात. खरं काय?

झाडीची_सून

नमस्कार. इथं बरीच वर्षं वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते. थोडं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही.

आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यात, ब्रम्हपुरीच्या पुढे. दोन एकर धानाचं वावर आणि बस थांब्याजवळ पानठेला. ठेला सासऱ्यांचा, त्यांना आम्ही मामाजी म्हणतो. बावीस वर्षं झाली त्याला. माझे मिस्टर ट्रॅक्टर चालवतात, काम नसलं की तेही ठेल्यावर बसतात. हिशेबाची वही माझ्याकडे असते, म्हणून आधी वहीतलं सांगते.

फेब्रुवारीपासून सिगारेट महागली. जानेवारीत आठवड्याला अकरा-बारा पाकिटं फुटायची, आता सहा-सातवर आलो. त्यातही बहुतेक सुटी विकली जाते, आख्खं पाकीट घेणारा गावात एखादाच. बँकेतले साहेब अजून घेतात, पैसे देताना कुरकुरतात एवढंच. दोन मास्तरांपैकी एकानं खरंच सोडली, परवा सांगत होते की पायऱ्या चढताना आता दम लागत नाही. ते ऐकून मला बरं वाटलं, धंदा कमी झाला तरी. पण रोजीनं जाणारे विडीवर आले, आणि तरणे पोट्टे खर्ऱ्यावर, म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून करतात त्यावर. खर्ऱ्याची पन्नी दिवसभर घोटून मामाजींचे हात दुखतात, इतकी मागणी आहे.

कर वाढवला याचं मला वाईट वाटत नाही. माझे बाबा विडीनं गेले. घशाचं दुखणं निघालं तेव्हा नागपूरला नेलं, तोवर उशीर झाला होता. ज्या घरात दिली तिथं पानठेलाच निघाला, त्याचं काय करणार. त्यावरच माझ्या दोन लेकरांच्या शाळेची फी जाते.

आता मुद्द्यावर येते. मागच्या आठवड्यात आमचे जावई, म्हणजे नणंदेचे मिस्टर, नागपूरहून आले. येताना एक खोका आणला. त्यात चाळीस व्हेप, म्हणजे ई-सिगारेटी, आहेत. हायलायटर पेनासारखे रंगीत, आंबा, कलिंगड, पुदिना असे वास. म्हणाले, साडेतीनशेला देतो, पाचशेला विका, नगामागे दीडशे सुटतात. ठेला चालवणाऱ्यांना माहीत आहे की सिगारेटच्या पाकिटामागे किती सुटतं. मामाजी काही बोलले नाहीत. जावयाला नाही म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही. खोका धानाच्या ढोल्यामागे ठेवला आहे.

मी म्हटलं, हे बंद आहे ना? तर त्यांनी मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. ऑक्टोबरपासून व्हेपवर कर लागणार, अशी बातमी. त्यांचं म्हणणं असं की ज्यावर सरकार कर घेतं ते बंद कसं असेल, सिगारेटचंच बघा. आत्ता माल भरून ठेवा, ऑक्टोबरात सगळे धावतील.

मला हे खरं वाटत नाही, पण खोडून काढायला माझ्याकडे काही नाही. ठेल्यापासून शाळेचं फाटक जवळच आहे. नववी-दहावीची मुलं सुट्टीत येतात, चॉकलेट घेतात. त्यांच्या हातात असं आंब्याच्या वासाचं पेन गेलं तर कुणाच्या लक्षातही येणार नाही. मला रात्री झोप लागत नाही.

ही कराची बातमी खरी आहे का? विकलं नाही, नुसतं घरात ठेवलं तर काही होतं का? आणि जावयांचं मन न दुखवता हा खोका घराबाहेर कसा काढू? अजून एक. ठोकवाल्यानं फेब्रुवारीत जुनी किंमत छापलेली पाकिटं नव्या भावानं दिली. आम्हीही तशीच विकली. हे बरोबर होतं का?

---

तालुका_कोर्ट

ताई, पहिल्यांदा खोक्याचं. तो विकू नका, कुणाला देऊ नका, घरातही राहू देऊ नका.

१८ सप्टेंबर २०१९ ला केंद्रानं वटहुकूम काढला आणि त्याच डिसेंबरात संसदेनं कायदा केला. ई-सिगारेट बनवणं, बाहेरून आणणं, ने-आण करणं, विकणं, ऑनलाइन विकणं, जाहिरात करणं, सगळ्यावर बंदी. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठ्याचं कलम वेगळं आहे: माहीत असून आपल्या जागेत साठा ठेवू दिला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे "मी कुठं विकलं" हे उत्तर चालत नाही. निकोटीन नाही, नुसता वास आहे, असं कुणी सांगितलं तरी फरक पडत नाही. ई-हुक्काही त्यातच येतो.

जी वस्तू विकायलाच बंदी, तिच्यावर कर बसवायचा तर आधी हा कायदाच बदलावा लागेल. जावयांना एवढंच विचारा, की याचं पक्कं बिल द्या. जीएसटी क्रमांक टाकलेलं बिल ते आणून दाखवू शकणार नाहीत.

खोका एसटीत घालून नागपूरला परत पाठवायचा विचार मनात आला असेल तर तो सोडा. ने-आणही गुन्हाच आहे. या कायद्यात कारवाईचा अधिकार फौजदार आणि वरच्या अधिकाऱ्याला आहे. ओळखीच्या वकिलाला सोबत घ्या, नगांची यादी करा आणि ठाण्यात स्वतःहून जमा करा. धाड पडून सापडणं आणि आपण होऊन नेऊन देणं यात फार फरक पडतो.

आणि ताई, राग मानू नका. सुटी सिगारेट आणि सुटी विडी विकायला महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० पासून बंदी आहे. सुट्यावर धोक्याचं चित्र दिसत नाही, हे कारण. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूची कुठलीही वस्तू विकता येत नाही, हे २००३ च्या कायद्यातच आहे. १०० यार्ड म्हणजे ९१ मीटर. ठेल्यापासून फाटकापर्यंत एकदा टेप धरून बघा.

---

लेस्टरकर

मूळचा वरोऱ्याचा, सध्या इंग्लंडात. तो व्हिडिओ बहुतेक इथल्या बातमीचा असावा. इथं १ ऑक्टोबर २०२६ पासून व्हेपच्या द्रवावर नवा कर येतो आहे, १० मिलिलीटरला २ पौंड २० पेन्स. त्याच दिवशी सिगारेटवरही एकदाची वाढ आहे, १०० सिगारेटींमागे २ पौंड २० पेन्स.

दोन्ही एकाच दिवशी का, तर सिगारेटपेक्षा व्हेप स्वस्तच राहावं म्हणून. इथलं आरोग्य खातं सिगारेट सुटायला व्हेपची मदत घ्या म्हणतं, त्यामुळे ते मोठ्यांसाठी कायदेशीर आहे. पण शाळकरी मुलांत फार पसरलं, म्हणून कर आणला. तुम्ही वर्णन केलंत तसले एकदा वापरून फेकायचे रंगीत व्हेप तर इथंही १ जून २०२५ पासून विकायला बंद झाले.

म्हणजे जावईबुवांचा माल आपल्याकडे बेकायदा आहेच, ज्या देशाची बातमी ते दाखवताहेत तिथंही तो दुकानात ठेवता येत नाही. हे त्यांना जरूर सांगा. माझा पुतण्या वरोऱ्यात दहावीला आहे, म्हणून तुमचं शाळेच्या फाटकाचं वाचून काळजात धस्स झालं.

---

वर्ध्याचा_हिशेबनीस

कराचं मी सांगतो, कारण "२८ चे ४० झाले" एवढंच लोकांना माहीत आहे.

जुलै २०१७ पासून सिगारेटवर २८ टक्के जीएसटी होता आणि वर नुकसानभरपाईचा उपकर. कोविडच्या काळात राज्यांना भरपाई द्यायला केंद्रानं कर्ज काढलं होतं. ते फिटेपर्यंत तंबाखूवरचा उपकर ठेवला, म्हणून सप्टेंबर २०२५ मध्ये बाकी वस्तूंचे दर बदलले तेव्हा सिगारेट तशीच राहिली. १ फेब्रुवारी २०२६ ला उपकर गेला. त्याच्या जागी ४० टक्के जीएसटी आला आणि शिवाय केंद्राचं उत्पादन शुल्क, हजार सिगारेटींमागे २,०५० ते ८,५०० रुपये, लांबीप्रमाणे. म्हणजे एका कांडीवर दोन रुपयांपासून साडेआठ रुपयांपर्यंत नुसतं शुल्क, आणि त्या सगळ्यावर जीएसटी. लांब सिगारेट जास्त का महागली ते इथं कळतं. हे शुल्क कारखान्यातून माल निघतानाच लागतं, पानठेल्याला त्याचा वेगळा हिशेब ठेवावा लागत नाही.

विडीवरचा जीएसटी मात्र २८ वरून १८ झाला. विडी वळायच्या तेंदूपानांवरचा त्याआधीच १८ वरून ५ वर आला होता. तुमच्या वहीत गिऱ्हाईक विडीकडे सरकलेलं दिसतं त्यात हेही आहे. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे की किरकोळ किमतीत कराचा वाटा किमान ७५ टक्के हवा. आपल्याकडे सिगारेटवर तो बरीच वर्षं ५३ टक्क्यांच्या आसपास होता, विडीवर तर त्याहून खूप कमी. माझं स्पष्ट मत आहे की सिगारेट महाग आणि विडी स्वस्त केल्यानं गरिबाचं व्यसन सुटत नाही. तो फक्त ठेल्यावरची बरणी बदलतो.

जुन्या पाकिटांचं: छापील किमतीच्या वर एक रुपयाही घेता येत नाही, कर वाढला तरी. ठोकवाल्यानं जास्त घेतले असतील तर बिल मागा. बिल देत नसेल तर जिल्ह्याच्या वैधमापन शास्त्र कार्यालयात लेखी तक्रार करा. पण तुमच्याकडून तसं विकणं आजपासून बंद.

---

कुरखेड्याची_ताई

विडीच्या बाजूनं एक शब्द. आमच्याकडे मे महिन्यात अख्खं गाव पहाटे तेंदूला जातं. ग्रामसभेकडून मिळालेल्या त्या पैशावर पेरणी होते. पानावरचा कर कमी झाला तर आम्ही वाईट म्हणणार नाही. पण मी आशा म्हणून काम करते, त्यामुळे दुसरी बाजूही रोज बघते. विडी स्वस्त झाली म्हणून फुप्फुसाला कमी लागत नाही.

खरी भीती मला खर्ऱ्याची वाटते. सुगंधित तंबाखूवर राज्यात बंदी आहे, तरी खर्रा गावोगाव घोटला जातो. वीस-बावीस वर्षांच्या मुलांचं तोंड उघडेनासं होतं, तिखट सोसत नाही, गाल आतून पांढरा आणि कडक होतो. ताई, मामाजी स्वतः खर्रा खातात का? खात असतील तर त्यांना आपलीच तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगा. जात नसतील तर लगेच ग्रामीण रुग्णालयात दाताच्या डॉक्टरांना दाखवा. सोडायला मदत लागली तर १८०० ११ २३५६ हा सरकारी फोन आहे, पैसे पडत नाहीत.

अठरा वर्षांखालच्या मुलाला तंबाखू दिली तर बाल न्याय कायद्यात सात वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. मी आमच्या ठेलेवाल्यांना हे एकेकट्याला बसवून सांगितलं. दोघांनी शाळेच्या पोरांना देणं बंद केलं. बाकीच्यांच्या मागे लागले आहे.

जावयांचं म्हणाल तर तुम्ही बोलूच नका. सुनेनं बोललं की भांडण होतं. नणंदेला बोलू द्या.

---

झाडीची_सून

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवसांनी लिहिते आहे.

ताई, तुमचं ऐकलं. नणंदेला फोन केला आणि तालुका_कोर्ट दादांचा प्रतिसाद वाचून दाखवला. तिला माहीतच नव्हतं की ते असा माल फिरवतात. ती रडली, मग रात्री तिनंच त्यांच्याशी बोलून घेतलं. दुसऱ्या दिवशी जावयांचा मामाजींना फोन आला. रागात होते, पण "तुम्हाला करायचं ते करा" म्हणाले. मिस्टर आणि आमच्या ओळखीचे वकील खोका घेऊन ठाण्यात गेले. फौजदार साहेबांनी नग मोजून घेतले आणि कागद दिला. माल कुणाकडून आला हे विचारलं, मिस्टरांनी खरं ते सांगितलं. पुढे काय होतं माहीत नाही. नणंदेचा संसार आहे, त्याची काळजी वाटते, पण खोटं सांगायला मी त्यांना लावलं नसतं.

टेप धरली. फाटकापासून ठेला ७४ मीटरवर आहे. मामाजी बराच वेळ टेपकडे बघत उभे राहिले. ठेला थांब्याच्या पलीकडे हलवायचा तर ग्रामपंचायतीची परवानगी लागेल, अर्ज लिहिला आहे. सुटी सिगारेट बंद केली. गिऱ्हाईक चिडतं. उन्हाळ्यापुरती उसाच्या रसाची चरखी भाड्यानं मिळते का ते बघतो आहोत. ब्रम्हपुरी, नागभीड, वडसा भागात कुणी चालवत असेल तर भाडं किती पडतं आणि ऊस कुठून आणता ते कृपया सांगा.

आणि मामाजींनी बोटं घालून पाहिली. दोनच गेली. सोमवारी मिस्टर त्यांना दवाखान्यात नेत आहेत.