ओलं फडकं फिरवलं म्हणजे स्लायसर धुतला का?

मिसिसागाकर

काल ‘बॅचलर_किचन’ यांनी इथे लिहिलं की मांसाचे पातळ काप करणारा घरचा इलेक्ट्रिक स्लायसर दर वेळी खोलून धुणं म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग. ओलं फडकं फिरवायचं, वर थोडं व्हिनेगर शिंपडायचं, पाच मिनिटांत काम संपलं. खाली अंगठ्यांची रांग लागली. एका बाईंनी तर ‘आजपासून मीही असंच करणार’ म्हणून कळवलं. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

मीही तीन महिने फडकंच फिरवत होते. मुलांच्या डब्यासाठी टर्की घरी भाजते, गार झाली की पातळ काप करून फ्रीजमध्ये ठेवते. बाहेरच्या कापांपेक्षा स्वस्त पडतं आणि मीठ आपल्या हातात राहतं. मशीन बाहेरून आरशासारखं लख्ख होतं. एका रविवारी ओट्याजवळ वशाट वास यायला लागला. सिंक बघितलं, कचऱ्याचा डबा बघितला, शेवटी पातं काढलं. मागे दांड्याभोवती करड्या रंगाचा लगदा बसला होता, साबणाच्या भिजलेल्या वडीसारखा. त्यात टर्कीचे तंतू ओळखू येत होते. टूथपिकनं खरवडून काढला तेव्हा नाक दाबून धरावं लागलं. त्याच आठवड्यात धाकट्याने तिथलेच काप खाल्ले होते.

गरगर फिरणारं पातं रस आणि चरबी मागे फेकतं. समोरून फडकं फिरवलं की उरलेलं आपण कडेच्या फटीत आणखी आत सारतो. इथे टोरांटोत २००८ साली मेपल लीफ फूड्सच्या कारखान्यातल्या मांसातून लिस्टेरिया नावाचा जंतू पसरला, २० हून जास्त माणसं गेली. तिथे रोज सफाई होत होती. जंतू सापडले ते काप करणाऱ्या यंत्रांच्या आत खोलवर, जिथे रोजचा हात पोचत नव्हता.

मी आता असं करते. आधी प्लग काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. जाडीची पट्टी शून्यावर आणायची म्हणजे धार झाकली जाते. मग ट्रे आणि पातं काढायचं. पहिलं पाणी कोमट आणि साबणाचं. उकळतं ओतलं तर मांसाचा रस अंड्यासारखा शिजून धातूला धरतो. पातं मधून कडेकडे पुसायचं, कडेवरून बोट कधी फिरवायचं नाही. मग चार लिटर पाण्यात एक टेबलस्पून साधं, बिनवासाचं ब्लीच घालून त्या पाण्यानं पुसायचं आणि उघड्यावर वाळू द्यायचं. आणि कृपा करून व्हिनेगरच्या ओल्यावर ब्लीच घेऊ नका. क्लोरीन वायू सुटतो, घरात लहान मुलं असतात.

बॅचलर_किचन

ताई, कारखान्याचं उदाहरण घरावर का लादता? तिथे यंत्रं तासन्‌तास चालतात, एका दिवसाचा माल हजारो घरांत जातो. मी महिन्यातून दोन वेळा किलोभर मटण पातळ कापतो. चार वर्षं झाली, एकदाही पोट बिघडलं नाही. मला वेळेचं मोल आहे. अर्धा तास खोलाखोली करायची असेल तर सुरीनंच कापतो, मशीन कशाला घेतलं?

तांबडा_पांढरा

भावाशी सहमत. आमच्या कोल्हापुरात खाटकाचा लाकडी ओंडका बघा. संध्याकाळी सुरीनं खरवडतो, वर मीठ चोळतो, झालं. माझे आजोबा त्याच दुकानातलं मटण ऐंशी वर्षं खात होते. हल्ली परदेशात गेलं की प्रत्येक गोष्टीत जंतू दिसायला लागतात.

मिसिसागाकर

दादा, तुमच्या आजोबांचं मटण नंतर चुलीवर रटरट शिजत होतं. सगळा फरक तिथेच आहे. कच्चं मटण कापून शिजवलं तर लिस्टेरिया मरतो. हॅम, टर्की, भाजलेलं मटण आधी शिजवतो, *मग* कापतो आणि तसंच गार खातो. त्यानंतर आच लागतच नाही. आणि हा जंतू फ्रीजच्या थंडाव्यातही वाढतो. गरोदर बायकांना असे काप वाफ येईपर्यंत, ७४ अंश सेल्सिअसपर्यंत तापवूनच खा असं सांगतात ते म्हणूनच. बॅचलर_किचन, तुम्ही फक्त कच्चं मटण कापता का? सरळ सांगा.

बॅचलर_किचन

बहुतेक वेळा कच्चंच. नाताळात हॅम कापला होता. पाहुणे होते.

मिसिसागाकर

त्याच मशीनवर? फडकं फिरवून?

गिअरबॉक्स_ठाणे

मी हॉटेलच्या किचनमधली यंत्रं दुरुस्त करतो, बारा वर्षं. दोघांनाही सांगायचंय.

खोलणं बरोबर. पण माझ्याकडे येणारे घरगुती स्लायसर निम्मे धुण्यानंच मेलेले असतात. लोक अख्खं मशीन नळाखाली धरतात, पाणी मोटरमध्ये जातं. पातं आणि ट्रे तेवढे सिंकमध्ये न्या, बॉडी फक्त पिळलेल्या कापडानं पुसा. ॲल्युमिनियमचे भाग डिशवॉशरमध्ये घातले की काळे पडतात, मग हात लावला तरी काजळी येते. ते सहजी परत उजळत नाहीत.

घरगुती मशीनमध्ये बहुधा प्लॅस्टिकचे गिअर असतात. सलग चालवू नका, पुस्तिकेत जेवढी मिनिटं लिहिली तेवढीच, मग विसावा. सरकत्या दांड्यावर खाण्याला चालणारं मिनरल ऑइल दोन थेंब. गोडेतेल घातलंत तर महिन्याभरात डिंकासारखं घट्ट होतं आणि ट्रे अडकतो.

आणि धार. बोथट पातं मटण कापत नाही, फाडतं. फाटलेलं बारीक तूस मागे जाऊन बसतं, म्हणजे घाण जास्त. दातेरी पात्याला घरी धार लावायला जाऊ नका, ते बदलायचं असतं. मटण तासभर फ्रीझरमध्ये घट्ट करून घेतलंत तर चुरा निम्म्यावर येतो. हे कुणी सांगत नाही.

न्यूजर्सीची_सून

मला वेगळंच विचारायचंय, रागावू नका. माझ्या सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्यात, माळकरी आहेत. आषाढीला मी बटाट्याचे वेफर्स केले. हातानं किसणीवर बोट कापतं म्हणून स्लायसरवर केले. आधी मशीन पूर्ण खोलून, दोनदा साबणानं धुऊन, गरम पाण्यानं विसळलं होतं. त्यांनी दोन खाल्ले, मग विचारलं इतके एकसारखे कसे झाले. मी खरं सांगितलं. त्या उठून गेल्या आणि दोन दिवस फक्त शेंगदाणे आणि दूध घेतलं. माझं चुकलं का? धुतलं होतं ना!

तांबडा_पांढरा

काही चुकलं नाही. धुतलं म्हणजे धुतलं. स्टीलला कसली जात?

जुनी_विळी

जातीचा काय संबंध इथे? मी बासष्ट वर्षांची आहे, शाकाहारी आहे, माझ्या घरी सून अंडी करते, तिचा तवा वेगळा आहे, आम्ही गुण्यागोविंदानं राहतो. माळ घातलेल्या बाईला जंतू मेले की नाहीत याच्याशी काही घेणंदेणं नाही. तिनं आयुष्यभर एक नेम पाळला आणि तो एकादशीला, ताटात, तिला न विचारता मोडला. सुनेनं आधी सांगायला हवं होतं. एवढंच.

तांबडा_पांढरा

म्हणजे परदेशात दोन-दोन मशीनं घ्यायची? घर केवढं, ओटा केवढा?

जुनी_विळी

मशीन नको. वेफर्सची दोनशे रुपयांची किसणी मिळते. माझ्या आईनं कोळशाच्या शेगडीवर पाच किलो बटाट्याचे वेफर्स त्याच किसणीवर केलेत, चैत्रातल्या उन्हात गच्चीवर धोतरावर वाळवलेत. आणि तुम्ही मला ओट्याचा आकार सांगू नका.

न्यूजर्सीची_सून

काकू, तुमचं वाचून रडू आलं. मी त्यांना आधी सांगितलं असतं तर त्या नको म्हणाल्या असत्या आणि मला तेच नको होतं. हे मी आत्ता पहिल्यांदा स्वतःशी कबूल करतेय.

किसणी मागवली. पण स्लायसरबद्दल एक सांगते, कारण माझ्या डाव्या अंगठ्याला तीन टाके आहेत. ते कापताना पडलेले नाहीत, धुताना पडले. पातं काढून साबणाच्या पाण्यात टाकलं होतं, फेसात दिसलं नाही, हात घातला. अमेरिकेत १८ वर्षांखालच्या मुलांना दुकानात मीट स्लायसर चालवायलाच नाही, धुवायलाही कायद्यानं मनाई आहे. त्याचं कारण मला त्या दिवशी कळलं. पात्यानं कापले न जाणारे हातमोजे घ्या आणि पातं सिंकमध्ये बुडवून ठेवू नका, हातात धरूनच धुवा. आणि नवऱ्यांनो, रविवारी हौसेनं कापायला पुढे येता, धुवायच्या वेळी मॅच कशी सुरू होते?

बॅचलर_किचन

हा धागा वेफर्सवर गेला ते बरंच झालं, मला वेळ मिळाला.

काल रात्री पातं काढायला बसलो. स्क्रू हलेना. पंधरा मिनिटं जोर लावला, मग चिडून इथे ‘बघा, कंपनीलाच खोललेलं नको आहे’ असं लिहिणार होतो.

गिअरबॉक्स_ठाणे

उजवीकडे फिरवा. काही मॉडेलमध्ये पात्याचा स्क्रू उलट्या बाजूनं सुटतो. जोर लावून आटे घालवू नका.

बॅचलर_किचन

सुटला.

मिसिसागाकर, तुम्ही म्हणालात तसा करडा लगदा नव्हता. तपकिरी होता, वाळलेला, आणि कडेला बोटभर पट्टीत हिरवट बुरशी. चार वर्षांची. नाताळातला हॅम आठवला. पाहुण्यांत वहिनी होत्या, सातवा महिना होता. सगळं नीट पार पडलं, मुलगी आता दोन वर्षांची आहे. पण मी अर्धा तास ओट्याशी तसाच उभा होतो.

कच्चं मटण कापल्यावर इतकी खोलाखोली लागत नाही हे माझं मत अजूनही आहे.

मिसिसागाकर

कच्च्या मटणाचंच रक्त पुढच्या वेळी हॅमला लागतं. पण खोललंत ना, मग भांडत नाही. रबरी वॉशर असेल तर तोही काढून बघा, चिरा पडल्या असतील तर बदला, चिरेत ब्रश जात नाही.

बॅचलर_किचन

वॉशर आहे. दोन ठिकाणी फाटलाय. गिअरबॉक्सदादा, मापाचा कुठे मिळेल? तोवर मशीन कपाटात ठेवलंय, प्लगला टेप लावून.