बांधावरची नेपती ठेवावी की काढावी?

कोरडवाहू: नगर जिल्ह्याच्या दक्षिण भागात आमची कोरडवाहू जमीन असून तिच्या पश्चिमेकडील बांधावर नेपतीची पंधरा-वीस जाळी आहेत. पाने जवळजवळ नाहीतच, नुसत्या हिरव्या काटेरी काड्या, आणि उन्हाळ्याच्या तोंडाला त्यांवर विटकरी लाल फुले येतात. जेसीबी लावून बांध साफ करावा, असे वडिलांचे मत आहे. मात्र गेल्या महिन्यात एका मारवाडी किराणा दुकानात ‘केर’ म्हणून ठेवलेली वाळकी फळे पाहिली, ती हुबेहूब आमच्या नेपतीची वाटली आणि त्यांचा भाव ऐकून मी थक्क झालो. ही दोन्ही एकच आहेत का? असल्यास तिकडे फळे कशी वापरतात आणि झुडूप कसे राखतात? एक हिरवे फळ चावून पाहिले, तर जीभ बराच वेळ ठिकाणावर नव्हती.

जोधपूरवासी: होय, एकच. संस्कृतात करीर, आपल्याकडे नेपती, कच्छमध्ये केरडा आणि मारवाडात केर किंवा कैर. नोकरीमुळे आम्ही बरीच वर्षे जोधपुरात आहोत, त्यामुळे शेजारच्या मावशींकडून ही कृती प्रत्यक्ष पाहिली आहे. कोवळी हिरवी फळे देठ खुडून मातीच्या मडक्यात मिठाच्या पाण्यात (काही घरांत ताकात) बुडवून ठेवतात, पाणी बदलत राहतात आणि चार-सहा दिवसांत फळांचा हिरवा रंग पिवळट झाला, दाताखाली कडवटपणा लागेनासा झाला, की ती धुऊन लोणच्याला घेतात किंवा उकळून उन्हात वाळवतात. वाळलेली फळे वर्षभर टिकतात. खेजडीच्या शेंगांबरोबर केलेली केर-सांगरीची भाजी सर्वांना ठाऊक असते. त्यांत कुमटाच्या बिया, गुंदा (आपले भोकर) आणि आमचूर मिळवले की पंचकुटा होतो, जो शीतळाष्टमीच्या शिळ्या जेवणात हमखास असतो.

भावाचे गमक आकारात आहे. फळ जितके बारीक तितके महाग, कारण मोठ्या फळात बी टणक झालेले असते. शिवाय ही तोडणी भर उन्हाळ्यात, प्रत्येक पेरावर काट्यांची जोडी असलेल्या फांद्यांमधून, एकेक फळ बोटांनी खुडून करावी लागते; बायकांच्या हातांवरचे ओरखडे पाहिल्यावर दुकानातला भाव जास्त म्हणवत नाही. पिकलेले लाल फळ, ज्याला तिकडे ढालू म्हणतात, मुले आणि पक्षी तसेच खातात.

रोपवाटिका: आपल्या मुख्य प्रश्नाबद्दल लिहितो. जेसीबीने बांध साफ होईल, हा समज चुकीचा आहे, कारण मुळांचे तुकडे जमिनीत राहिले की त्यांतून नवे फुटवे येतात. एका जाळीच्या जागी चार रोपटी उभी राहतील आणि बांधाची माती मात्र सैल होईल. थारमध्ये, जैसलमेरसारख्या वर्षाला जेमतेम २०० मिलिमीटर पावसाच्या मुलखात, हेच झुडूप खोल मुळांनी वाळू धरून ठेवते. तेथे केराची लागवड फारशी कोणी करत नाही. ओरणांत, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानांत, आणि शेतांच्या कडेला आपोआप वाढलेले केरच राखले जाते.

राखण्यासाठी फार काही लागत नाही. शेतात पसरणारे फुटवे नांगरटीच्या वेळी काढावेत, जुन्या जाळ्यांची सुकलेली लाकडे पावसाळ्यापूर्वी तोडावीत आणि सर्व फळे हिरवी असतानाच न तोडता दोन-तीन जाळी पिकू द्यावीत. जाड लाकूड फेकू नका. त्याला वाळवी सहसा लागत नाही, त्यामुळे अवजारांचे दांडे चांगले होतात. नवी रोपे हवी असल्यास पिकलेल्या फळांचे बी धुऊन, सावलीत सुकवून ताजेच पिशव्यांत पेरावे, कारण साठवलेल्या बियांची उगवणशक्ती लवकर कमी होते. वाढ अतिशय संथ असते, हेही आधीच सांगून ठेवतो.

कोरडवाहू: दोघांचेही आभार. शेळ्यांपासून जपावे लागते का?

रोपवाटिका: जुन्या जाळीला काटेच पुरेसे आहेत. कोवळे फुटवे मात्र शेळ्या खुडतात आणि पुढची फुले त्याच नव्या काड्यांवर येणार असतात. तेव्हा पहिली दोन वर्षे नव्या रोपांभोवती बाभळीच्या फांद्यांचे कुंपण करावे.